‘जैसे थे’चा हट्ट आणि सर्व्हरचा जुना पत्ता

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. विषय तांत्रिक आहे, पण पळून जाऊ नका. संगणकातलं फारसं कळत नसलं तरी चालेल, फक्त आयुष्यात एकदा तरी घर बदललेलं असावं.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. जुना सर्व्हर उचलून व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकताना ‘नेटवर्क सेटिंग्ज जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत’ असा जो हट्ट धरला जातो, तो चुकीचा आहे. आणि तो हट्ट पुरवण्यासाठी सॉफ्टवेअरवाले जी टिक मारायची सोय देतात, ती निम्मी फसवी आहे. जपायचं असतं ते सर्व्हरचं नाव, आणि प्रत्येक सेटिंग कशासाठी केलं होतं त्याचं कारण. आकडे गेले तर जाऊ द्यावेत.

आता सविस्तर.

मी कुवेतमध्ये राई नावाच्या भागात काम करतो. नाव ऐकून मोहरी किंवा आमराई डोळ्यासमोर आणू नका. इथे झाड शोधावं लागतं. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना राई माहीत असते ती ‘अ‍ॅव्हेन्यूज’ मॉलमुळे. पाचव्या रिंग रोडला लागून २००७ साली हा मॉल उघडला. पण मॉलकडे पाठ करून चार पावलं चाललात की खरी राई दिसते. गोदामं, गाड्यांची शोरूम, गॅरेजं, फर्निचरची दुकानं आणि शुक्रवारचा बाजार. यातल्या बऱ्याच गोदामांच्या मागच्या कोपऱ्यात एक छोटी खोली असते, तिला एक घरघरणारा एसी असतो, आणि त्या एसीच्या भरवशावर दहा-बारा वर्षांचा एक सर्व्हर जगत असतो. कंपनीची बिलं, स्टॉक, हजेरी, सगळं त्याच्या पोटात. जुलै २०१६ मध्ये याच देशात मित्रिबा इथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. अशा उन्हाळ्यात तो एसी बंद पडला की काय होतं ते सांगायला नको.

म्हणून कधीतरी मालकाला जाग येते आणि सर्व्हर व्हर्च्युअल करायचं ठरतं. आमच्या बोलीत याला ‘पी-टू-व्ही’ म्हणतात, म्हणजे फिजिकल टू व्हर्च्युअल. जुन्या मशीनच्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढायची, आणि एका दणकट नव्या मशीनच्या आत, जिला होस्ट म्हणतात, तिथे ती नक्कल एक काल्पनिक संगणक म्हणून चालवायची. वाड्यातलं बिऱ्हाड भांड्याकुंड्यांसकट उचलून टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये मांडावं तसं.

आणि मग मॅनेजरसाहेबांचं ते ठरलेलं वाक्य येतं. ‘‘कन्व्हर्ट करा, पण सगळं सेम टू सेम हवं. कुणाच्या पीसीला हात लावायचा नाही. शुक्रवारी करा, शनिवारी सकाळी कुणाला कळता कामा नये.’’

आता गंमत बघा. बिऱ्हाड सगळं हलवता येतं, पण वाड्याच्या दारावरचा घरनंबर हलवता येत नाही, कारण तो सामानाचा भागच नसतो. सर्व्हरचंही तेच. नेटवर्क सेटिंग्ज या ‘सर्व्हरच्या’ असतात हा गैरसमज आहे. त्या नेटवर्क कार्डाला चिकटलेल्या असतात, आणि कार्ड तर जुन्या लोखंडी डब्यात राहिलं.

विंडोजचं उदाहरण घ्या. तुम्ही दिलेला आयपी पत्ता रजिस्ट्रीमध्ये ज्या कप्प्यात लिहिला जातो, त्या कप्प्याचं नाव म्हणजे त्या विशिष्ट कार्डाचा ओळखक्रमांक असतो. व्हर्च्युअल मशीन पहिल्यांदा सुरू झालं की विंडोजला एक नवंच कार्ड दिसतं. ती त्याच्यासाठी कोरा कप्पा उघडते आणि जुना कप्पा तसाच ठेवून देते. मग तुम्ही नव्या कार्डाला जुना पत्ता द्यायला गेलात की विंडोज सांगते, हा पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे आणि ते कार्ड इथे दिसत नाही. आम्ही त्याला भूत म्हणतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगितली की ही भुतं फिकट रंगात उभी दिसतात. त्यांना हाकलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

लिनक्सवाल्यांनी हसू नये. जुन्या लिनक्समध्ये कार्डाचा मॅक पत्ता आणि ‘ईथ शून्य’ हे नाव यांची गाठ एका नियमांच्या फाइलमध्ये मारलेली असायची. नवं कार्ड आलं की ते ‘ईथ एक’ व्हायचं, सेटिंग्ज मात्र ‘ईथ शून्य’ची वाट बघत बसायच्या. २०१३ नंतर नाव देण्याची पद्धत बदलली, कार्ड कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून नाव ठरू लागलं. पण खाच बदलली की नावही बदललं! व्हीएमवेअरवर ज्याचं नाव ‘ईएनएस १९२’ असतं तेच मशीन प्रॉक्समॉक्सवर नेलं की कार्ड ‘ईएनएस १८’ होऊन बसतं.

‘‘अहो, पण काही अवजारं जुना पत्ता वाचून नव्या कार्डावर लिहून देतात की!’’ देतात, मान्य. म्हणूनच मी टिकेला निम्मी फसवी म्हटलं. ती काय जपते? पत्ता, मास्क, गेटवे आणि डीएनएस. चार आकडे. त्या पत्त्याभोवतीचं गाव ती जपत नाही. जुना सर्व्हर स्विचच्या ज्या पोर्टला होता त्या पोर्टवर कुठलं व्हीलॅन होतं, ते टिकेला माहीत नाही. होस्टवर ते हातानेच मांडावं लागतं. दोन कार्डं जोडून एक करणारं टीमिंगचं सॉफ्टवेअर तर उलट अडगळ म्हणून आत येतं. व्हर्च्युअल मशीनला त्याची गरज नसते, कारण ती सोय होस्टच करतो. ते आधी काढलं नाही तर नंतर दात ओढावा तसं ओढावं लागतं. शेजारच्या राऊटरने जुन्या पत्त्यापुढे जुना मॅक लिहून ठेवलेला असतो. सिस्कोच्या राऊटरमध्ये ही नोंद मुळात ४ तास राहते. बहुतेक वेळा नवं मशीन सुरू होताना स्वतःच दवंडी पिटतं आणि नोंद सुधारते. नाही सुधारली तर तुम्ही चार तास डोकं धरून बसता. शिवाय काही महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मॅक पत्त्याला बांधलेलं असतं. नवं कार्ड दिसलं की ते ओळख देत नाही.

थोडक्यात, ‘प्रिझर्व्ह’ या शब्दाने मॅनेजरला वाटतं की सगळं मुरंब्यासारखं बरणीत बंद झालं. प्रत्यक्षात बरणीवरची चिठ्ठी तेवढी नवीन बरणीला चिकटवलेली असते.

आता यात खरं नुकसान कुणाचं होतं ते सांगतो. राईतल्याच एका कंपनीतली गोष्ट. एका मल्याळी पोराने शुक्रवारी रात्री जागून सर्व्हर व्हर्च्युअल केला. काम चोख. भुतं काढली, जुनाच पत्ता नव्या मशीनला दिला, शनिवारी कुणाला काही कळलं नाही. जाताना त्याने सांगितलं, ‘‘जुन्या मशीनची नेटवर्क केबल काढा आणि ते इथून हलवा.’’ त्यावर उत्तर मिळालं, ‘‘राहू दे तसंच, वेळेला उपयोगी पडेल.’’ तीन आठवड्यांनी भर दुपारी गोदामाचा मुख्य ब्रेकर पडला. वीज परत आली, आणि जुना सर्व्हर आपोआप उठून बसला. वीज आली की सुरू हो, अशी सूचना बऱ्याच सर्व्हरांना आतूनच दिलेली असते. व्हर्च्युअल मशीनला मात्र आधी होस्ट उठायची वाट बघावी लागते. ते उठेपर्यंत त्याच्या पत्त्यावर म्हातारबुवा ठाण मांडून बसलेले. विंडोजने रीतीप्रमाणे चौकशी केली, हा पत्ता कुणी वापरतंय का? हो, वापरतंय. मग तिने माघार घेतली आणि १६९.२५४ने सुरू होणारा एक निराधार पत्ता घेऊन गप्प बसली.

पुढचं ऐका. सगळे पीसी त्याच जुन्या पत्त्याला हाक मारत होते, आणि हाकेला ओ येत होती! कुठेही लाल दिवा नाही, एरर नाही. अर्धा दिवस बिलं बनली, माल सुटला, सगळं तीन आठवडे शिळ्या डेटाबेसमध्ये. बिलांचे क्रमांक परत तेच. लक्षात आलं ते एका ग्राहकाचा जमा झालेला चेक खात्यात दिसेना तेव्हा. दोन वह्या एकमेकींत मिसळून परत एक करायला मला बोलावलं गेलं. चार दिवस गेले, आणि त्या पोराचा पगार कापला गेला. जुनं मशीन तिथेच ठेवायचा आग्रह ज्यांनी धरला होता, त्यांचा नाही.

त्या चार दिवसांत आणखी एक वस्तू सापडली. सर्व्हरवर एक कायमचा रूट लिहिलेला होता, एका अनोळखी नेटवर्ककडे जाणारा. काढला तर काय मोडेल कुणालाच सांगता येईना. ज्याने लिहिला तो माणूस व्हिसा रद्द करून केव्हाच मायदेशी गेलेला. शोधता शोधता कळलं, शुवेखमध्ये कंपनीची एक शाखा होती, तिच्याकडे तो रस्ता जायचा. शाखा बंद होऊन वर्षं लोटली होती. बंद दुकानाकडे जाणारा रस्ता इतक्या काळजीने जपला गेला होता, आणि त्याचं कारण कुणी एका ओळीतही लिहून ठेवलं नव्हतं.

इथे मला खरा राग येतो. आखातात माणसं येतात आणि जातात. दोन वर्षांचा करार, मग दुसरी कंपनी, नाहीतर परतीचं तिकीट. सर्व्हरबद्दलचं सगळं ज्ञान त्या माणसांच्या डोक्यात असतं आणि त्यांच्याबरोबर विमानात बसून निघून जातं. उरतात आकडे. आणि आकड्यांमागचं कारण माहीत नसलं की माणूस त्यांना देवासारखा भितो. ‘जैसे थे’ हा शब्द ऐकायला मोठा सावध वाटतो, पण त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हे असतं : आम्हाला हे का चालतंय ते माहीत नाही.

पत्त्याचा हा घोळ फक्त यंत्रांचा आहे असंही नाही. कुवेतमध्ये प्रत्येक रहिवाशाच्या सिव्हिल आयडीमागे एक नोंदलेला पत्ता असतो, आणि इमारतींना स्वतःचा एक क्रमांक असतो. माणूस घर बदलतो, पत्ता बदलायला विसरतो. इमारत पाडली जाते, पत्ता तसाच राहतो. २०२४ मध्ये इथल्या नागरी माहिती खात्याने अशा लोकांचे पत्ते नोंदीतून काढून टाकायला सुरुवात केली. इमारत पाडलेली असेल, किंवा घरमालकाने हे लोक इथे राहत नाहीत असं कळवलं असेल, तर पत्ता रद्द. नावं जाहीर झाली, नवा पत्ता द्यायला ३० दिवसांची मुदत, नाहीतर १०० दिनारपर्यंत दंड. आपले बरेच लोक धावपळ करत होते. पण मला तो प्रकार मनापासून पटला. आयडीवरचा क्रमांक कायम, पत्ता बदलता. माणसाची ओळख एकीकडे आणि तो कुठे राहतो हे दुसरीकडे. दोन्हींची गाठ एका नोंदवहीत, आणि ती नोंदवही वेळच्या वेळी साफ करायची.

संगणकाच्या दुनियेतही हे शहाणपण नवीन नाही. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या जॉन शॉक यांनी १९७८ सालीच हा फरक स्वच्छ मांडला होता. आपल्याला काय हवंय ते नाव सांगतं, ते कुठे आहे ते पत्ता सांगतो, आणि तिथवर कसं जायचं ते मार्ग सांगतो. तीन गोष्टी वेगळ्या. तेव्हा नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत, आणि ती अमेरिकेतल्या एका केंद्रातून सगळे उतरवून घेत. यंत्रं वाढली तशी ती फाइल आवरेना. मग १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. त्याने एक मोठी सोय झाली : पत्ता खुशाल बदला, नाव तेच ठेवा, नोंदवहीत एक ओळ सुधारली की जग तुम्हाला शोधून काढेल. इतकी वर्षं ही सोय फुकट उपलब्ध आहे, आणि आम्ही अजून चाळीस पीसींवर १९२.१६८ने सुरू होणारे आकडे हाताने टाइप करतोय!

पुणेकरांना हे डीएनएस न शिकताच कळलेलं आहे. लकडी पुलात आता लाकूड औषधालाही नाही. सरकारी नाव संभाजी पूल. पण रिक्षावाल्याला ‘लकडी पूल’ म्हणा, तो बरोबर तिथेच नेतो. पूल अख्खा बदलला तरी नावाने काम चोख केलं. पानिपतानंतर बांधलेल्या त्या पुलाच्या फळ्या जशाच्या तशा जपायचा हट्ट कुणी धरला असता तर आज नदी पोहून पार करावी लागली असती.

आता विरोधकांचं म्हणणं ऐकू. पहिला पक्ष म्हणतो, ‘‘पत्ता बदलता येतच नाही. हजेरीचं बोटाच्या ठशाचं मशीन, बारकोड प्रिंटर, वजनकाटा, या सगळ्यांत सर्व्हरचा पत्ता आत कोरलेला आहे, आणि त्यांना नाव कळत नाही.’’ खरं आहे. अशी यंत्रं असतात. त्यांच्यासाठी जुना पत्ता नव्या मशीनला दुसरा पत्ता म्हणून द्या. एका कार्डाला दोन पत्ते देता येतात. पण तो का दिला, कुठल्या यंत्रांसाठी, आणि कधी काढायचा, हे कागदावर लिहा. तात्पुरता पाहुणा आणि घरमालक यांतला फरक तेवढा राहू द्या.

दुसरा पक्ष शुद्धतावाद्यांचा. ते म्हणतात, नक्कल काढूच नका, नवा कोरा सर्व्हर बांधा आणि डेटा तेवढा हलवा. डोमेन कंट्रोलरच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे. तिथे नक्कल आणि मूळ दोन्ही चुकून एकत्र जागे झाले तर होणारा गोंधळ निस्तरता येत नाही. तिथे नवाच बांधावा. पण ज्या सॉफ्टवेअरची सीडी हरवली, बनवणारी कंपनी बुडाली, आणि ज्यावर पन्नास माणसांचा पगार निघतो, त्याला ‘नवा बांधा’ म्हणणं हे भाडेकरूला ‘बंगला घ्या’ म्हणण्यासारखं आहे. तिथे नक्कलच करावी लागते. माझं भांडण नकलेशी नाही, आंधळ्या नकलेशी आहे.

मग करायचं काय? फार काही नाही. काम सुरू करण्याआधी जुन्या मशीनवर आयपीकॉन्फिगचं पूर्ण उत्तर, रूटची यादी आणि होस्ट्स फाइल काढून एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. स्विचचा फोटो घ्या, कुठली केबल कुठल्या पोर्टला ते लिहा. प्रत्येक ओळीपुढे ‘का?’ असा रकाना करा. उत्तर मिळालं नाही तर ‘माहीत नाही’ असं प्रामाणिकपणे लिहा आणि जुन्या माणसाला फोन लावा. माणूस देश सोडतो, बहुतेकदा नंबर चालू असतो. टीमिंग आधीच मोडा. सर्व्हरला कामाचं नाव द्या, ‘हिशेब’, ‘हजेरी’ असं, आणि पीसी त्या नावाकडे वळवा. विंडोजच्या फाइल शेअरिंगला टोपणनाव चालावं म्हणून एक-दोन जास्तीच्या नोंदी कराव्या लागतात, त्या करा. डीएनएसच्या त्या नोंदीची मुदत आदल्या दिवशीच पाच मिनिटांवर आणा, म्हणजे बदल लगेच पसरेल. नवं मशीन पहिल्यांदा नेटवर्क तोडूनच सुरू करा, भुतं काढा, मग जोडा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या सर्व्हरची वीज आणि नेटवर्क, दोन्ही केबली हाताने काढा आणि त्याच्या तोंडावर तारखेची चिठ्ठी चिकटवा. बंद करणं पुरेसं नाही. बंद केलेला सर्व्हर उठतो, हे वर पाहिलंच.

हे सगळं आत्ता का सांगतोय? कारण ही वेळ पुन्हा आली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि लगेच पुढच्या महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं. तेव्हापासून छोट्या कंपन्या खर्चाच्या धसक्याने हायपर-व्ही, प्रॉक्समॉक्स वगैरेंकडे निघाल्या आहेत. व्हर्च्युअल मशीन एका होस्टवरून दुसऱ्या जातीच्या होस्टवर नेलं की परत नवं कार्ड, परत नवा कप्पा, परत तीच भुतं. वाचणाऱ्यांपैकी कुणी भोसरीत, सातपूरला किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत असाल तर तुमच्याकडेही एखादा असा सर्व्हर असेलच, ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात, ‘‘चालतंय ना? मग हात लावू नका.’’

हात लावा, असं माझं म्हणणं आहे. पण ज्या पोराला शुक्रवारी रात्री बसवणार असाल, त्याला ‘सेम टू सेम’ असा हुकूम देण्याऐवजी एक दिवस जास्त द्या आणि वही द्या. त्याने केबल काढायला सांगितली तर काढा. सोमवारी काही बिघडलंच तर पगार कापायच्या आधी ती वही उघडून बघा. वहीच नसेल, तर ती मागितली कुणी नव्हती याचा विचार मालकाने स्वतःच्या खुर्चीत बसून करावा.